सुपारीची वही

वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर, २०२१ च्या दिवाळी सरल्यावर, आम्ही भावंडांनी गावच्या घरातील जुनी पत्र्याची पेटी उघडली. तीत जमिनीचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, आईने जपून ठेवलेली जुन्या कालनिर्णयाची पाने आणि लाल कापडी बांधणीची एक लांबट वही निघाली. वहीच्या पहिल्या पानावर वडिलांच्या वळणदार अक्षरात ‘श्री भैरवनाथ यात्रा उत्सव, जमाखर्च’ असे लिहिलेले होते. वडील जुन्या काळचे सातवी उत्तीर्ण शेतकरी. अक्षर चांगले आणि हिशेब चोख, म्हणून पंचांनी यात्रेची वही त्यांच्या हाती दिली होती. १९७८ ते १९९९ अशा बावीस यात्रांचा हिशेब तीत आहे.

थोरल्या भावाने वही रद्दीच्या बाजूला ठेवली. मी ती मागून घेतली. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला जुना जमाखर्च हा शब्दसंग्रहच वाटतो. मी ती वही शब्दांसाठी घेतली. तीत माझ्याही नावे एक बाकी निघेल, याची तेव्हा कल्पना नव्हती.

आमचे गाव पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून पायी दोन तासांच्या अंतरावर आहे. कालव्याच्या वरच्या अंगाला असल्यामुळे शेती कोरडवाहू; म्हणून घरटी एक माणूस मुंबईला. कोणी माथाडी, कोणी भाजीबाजारात, कोणी डबे पोचविणारा. या साऱ्यांची गावाशी गाठ पडे ती यात्रेला. मुंबईचे डबेवाले आजही चैत्रात ग्रामदैवतांच्या यात्रांसाठी काही दिवस एकदम सुट्टी घेतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. शहरातील नोकरदाराची त्या दिवसांत होणारी गैरसोय तेवढी बातमीत येते. त्या दिवसांत त्यांच्या गावांत काय घडते, ते सहसा येत नाही.

वहीच्या डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. जमेच्या बाजूला घरवार वर्गणी, मुंबईकर मंडळाची वर्गणी, नारळांच्या लिलावाची रक्कम. खर्चाच्या बाजूला दरवर्षी पहिली नोंद एकच: ‘तमाशा सुपारी, पैकी इसार’. मग ‘हलगीवाले, बिदागी’, ‘हगामा, इनाम व रेवड्या’, ‘शोभेची दारू’, ‘शेरणीचा गूळ’, ‘बत्त्या’. वर्गणी घरातील कर्त्या पुरुषाच्या नावाने लागे. बावीस वर्षांच्या त्या वहीत एकाही बाईचे नाव नाही.

हे शब्द नीट ऐकण्यासारखे आहेत. ‘सुपारी’ हा शब्द आज वर्तमानपत्रांनी गुन्हेगारीच्या पानावर नेऊन ठेवला आहे. परंतु मुळात तो दिल्या शब्दाचा शब्द आहे. पानसुपारी हाती ठेवली की करार पक्का झाला. ‘इसार’ म्हणजे त्या शब्दाला दिलेला पैशाचा आधार. ‘बिदागी’ या शब्दात निरोप आहे. कलावंताला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, ही जाणीव त्यात आहे. ‘तमाशा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. आणि ‘फड’ तर विलक्षण शब्द! उसाचा फड, कुस्तीचा फड, वारकऱ्यांचा फड आणि तमाशाचा फड. घाम, ताकद, भक्ती आणि कला या चौघांना आपल्या भाषेने एकाच शब्दात जागा दिली. ज्यांनी हा शब्द घडविला, त्यांच्या मनात कामाचा खर्च वेगळा आणि करमणुकीचा खर्च वेगळा, अशी भिंत नसावी. ती भिंत माझ्यासारख्या शिकलेल्यांनी घातली. कशी, ते पुढे सांगते.

गुढीपाडव्याच्या दिवशी सकाळी गुढी उभारली की वडील आणि दोघे-तिघे पंच नारायणगावला निघत. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचे हे गाव. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावात हंगामापुरत्या तमाशाफडांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाचा फलक, आत फडाचा व्यवस्थापक आणि त्याच्यापुढे तारखांची वही. गावोगावचे पंच येतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, घासाघीस करतात आणि आपल्या यात्रेची सुपारी देऊन उठतात. भाव केवळ फडाच्या नावावर ठरत नाही. तो तिथीवरही ठरतो. चैत्री पौर्णिमेला किंवा वद्य अष्टमीला अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात. त्या रात्री फड थोडे आणि मागणारे फार, म्हणून सुपारी चढते. एखाद्या आडतिथीला तोच फड कमी पैशांत मिळतो.

लहानपणी मला वाटे, प्रत्येक गावाच्या देवाने आपापली वेगळी तिथी का निवडली असेल? वही वाचताना त्याचे एक व्यावहारिक उत्तर सुचले. साऱ्या गावांची यात्रा एकाच दिवशी असती, तर एका रात्रीपुरते शेकडो फड लागले असते आणि उरलेले वर्ष ते उपाशी राहिले असते. तिथी विखुरलेल्या आहेत, म्हणून एकच फड चैत्र-वैशाखात गावोगाव फिरतो. आणि त्याच्या मागोमाग पाळणेवाला, मिठाईवाला, बांगड्यांचा कासार, खेळणीवाला, फोटोवाला असे सारे फिरतात. गावचा देव या गोष्टीचा विचार करून बसला नव्हता, हे उघड आहे. पण पंचांगाने बाजाराचे वेळापत्रक आपसूक आखून दिले.

वडील संध्याकाळी परतत. ओट्यावर वाट पाहणाऱ्यांना फडाचे नाव सांगत, आणि तेवढ्याने गाव हलू लागे. मुंबईला पत्रे जात. लेकींना सांगावे जात. कौले चाळली जात, भिंतींना चुना लागे, वाण्याकडे गूळ आणि तूरडाळ जादा येई. आणि आमच्या घरात आईचे शिवणयंत्र रात्री उशिरापर्यंत चालू लागे.

आई चौथीपर्यंत शिकलेली. यात्रेआधीचा महिना हा तिचा खरा हंगाम. लेकी माहेरी येणार म्हणून चोळ्या, नातवंडे येणार म्हणून झबली आणि परकर. यंत्राच्या पायट्यावर तिचे पाऊल ज्या ठेक्यात पडे, तो ठेका ढोलकीचा होता, हे मला फार उशिरा उमगले. आमच्याकडे त्या काळी बायका रात्री तमाशाला जात नसत. त्या ओट्यावर बसून लांबून ढोलकी ऐकत. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढे कलावंतांची हजेरी होई, तेव्हा मात्र बायकामुलांना मुभा असे. दुपारी कुस्त्यांचा हगामा. रात्रीचा तमाशा आणि सकाळची हजेरी यांमुळे पाहुणा मुक्कामाला राही; मुक्कामाला राहिला की त्याचे जेवण, चहा, पान, मुलांचे हट्ट, लेकीची ओटी हे सारे आलेच. गावच्या हद्दीत त्याचा पैसा दोन दिवस फिरत राही. अर्थशास्त्राच्या अभ्यासात ‘गुणक’ नावाची संकल्पना भेटते: खर्च झालेला रुपया दुसऱ्याचे उत्पन्न होतो, तो ते पुन्हा खर्च करतो आणि असा एकच रुपया अनेक घरांना पुरतो. मी ती पुस्तकात पुढे वाचली. आमच्या घरात ती यंत्रावर चालत होती.

आता माझ्या बाकीविषयी. १९९१ मध्ये मी पुण्याला एम.ए.साठी गेले. गावातील मुलीने पुण्यास राहून शिकणे ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. वसतिगृहातील मैत्रिणींपुढे गावच्या तमाशाचा विषय निघाला की मला संकोच वाटे. १९९२ च्या पाडव्याआधी मी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. एका रात्रीच्या नाचगाण्यावर गावाने इतके पैसे उधळणे शोभत नाही. त्याऐवजी शाळेला कुंपणाची भिंत बांधावी, असा त्याचा आशय होता. ‘उधळपट्टी’ हा शब्द मी त्या पत्रात तीन वेळा वापरला होता. आजवर एकही तमाशा मी पाहिलेला नव्हता.

वडिलांनी ते पत्र देवळाच्या सभामंडपात पंचांना वाचून दाखविले. शिकलेल्या पोरीचे म्हणणे म्हणून पंचांनी मान डोलावली. त्या पाडव्याला नारायणगावला कोणी गेले नाही. वहीत १९९२ च्या पानावर खर्चाची पहिली नोंद ‘शाळा, भिंत’ अशी आहे.

भिंत झाली, आणि ती आजही उभी आहे. तिचा मला पश्चात्ताप नाही. शाळेला भिंत हवीच होती. पण त्या वर्षीची यात्रा मला आठवते. मुंबईकर सकाळी आले, देवाला नारळ वाढवला, जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने परतले. रात्री थांबायला कारण उरले नव्हते. पाळणेवाला आलाच नाही. मिठाईवाल्याने दुपारीच पाट्या झाकल्या. सकाळी हजेरी नाही, म्हणून चावडीपुढे माणूस नाही. माणूस नाही, म्हणून हगाम्याला रंग नाही. रात्री देवळापुढे दोन बत्त्या जळत होत्या आणि ओट्यावर बायका सवयीने येऊन बसल्या होत्या. ऐकायला काही नव्हते. थोड्या वेळाने त्या उठून गेल्या. मी मात्र समाधानात होते. गाव सुधारले, असे मला वाटले.

वही वाचून झाल्यावर मी आईची कालनिर्णयाची पाने हाती घेतली. ती तारखांच्या चौकटींत शिलाईचे पैसे लिहून ठेवी. अक्षरे मोठी, वाकडी, पण आकडे स्पष्ट. वडिलांची वही आणि आईचे कालनिर्णय शेजारी ठेवून मी वर्षामागून वर्ष ताडून पाहू लागले. १९९१ च्या मार्च-एप्रिलच्या चौकटी आकड्यांनी भरलेल्या होत्या आणि जूनच्या एका चौकटीत लिहिले होते, ‘पोरीची फी’. १९९२ च्या त्याच महिन्यांत बहुतेक चौकटी कोऱ्या होत्या. तमाशा नाही, हे पाडव्याला कळले; मुक्कामाला येणाऱ्या लेकींनी बेत बदलले आणि चोळ्यांची कापडे आलीच नाहीत. जूनच्या चौकटीत पुन्हा ‘पोरीची फी’ असे होते. त्याच्याखाली एकच शब्द होता: ‘हंडा’.

तो हंडा मला आठवत होता. आजीच्या वेळचा तांब्याचा मोठा हंडा, न्हाणीघराशेजारी असे. त्या वर्षी सुट्टीत घरी आल्यावर ती जागा रिकामी दिसली, तेव्हा मी आईला विचारलेही होते. “गळत होता, मोडीत दिला,” ती म्हणाली होती.

ज्या ढोलकीला मी उधळपट्टी म्हटले, तिने माझी पहिली फी भरली होती. ती बंद पाडली, तेव्हा दुसरी फी आजीच्या हंड्याने भरली. आई या जगातून जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. तिने कधी एका शब्दाने मला हे सांगितले नाही. १९९४ च्या पानावर ‘तमाशा सुपारी, पैकी इसार’ ही नोंद पुन्हा दिसते. ती पाहून मला किती हायसे वाटले, हे सांगून पटणार नाही.

एवढे लिहून थांबले असते, तर हा निबंध कलेच्या गौरवाचा झाला असता. परंतु भाषेच्या अभ्यासकाने शब्द निवडून घेऊ नयेत. वहीत नसलेला, पण या व्यवहाराच्या मुळाशी असलेला एक शब्द आहे: ‘उचल’. ऊसतोड कामगार जशी मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतो, तशीच तमाशातील कलावंत फडमालकाकडून घेतो. पावसाळ्यात फड बंद असतो, घर मात्र चालू असते. फडमालकाजवळ तरी एवढे पैसे कोठून येणार? तोही व्याजाने काढतो. मग कलावंतांना उचल देतो, वाहने, जनित्र, कनाती आणि दिवे यांची सोय करतो आणि यात्रांच्या सुपाऱ्यांतून कर्ज फेडतो. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसे असतात. नाचणारी, गाणारी, सोंगाड्या, ढोलकीवाला एवढीच आपल्याला दिसतात. तंबू ठोकणारे बिगारी, वाहनचालक आणि आचारी दिसत नाहीत. गावाला जी कला रोख नफा देते, ती स्वतः कर्जावर उभी असते. आणि ज्या स्त्रीच्या पायांतील घुंगरांमुळे गावोगावच्या चुली पेटतात, तिला त्याच गावात मानाने बसायला जागा मिळेलच असे नाही. आमच्या ओट्यावर तिला कोणी बोलावले नव्हते. हाही हिशेबच आहे, आणि तो अजून फिटलेला नाही.

२०२० मध्ये ही व्यवस्था किती नाजूक आहे ते एका दिवसात दिसले. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. उचल वाटून झालेली, कर्ज डोक्यावर, आणि ज्या एका दिवसावर सारी भिस्त, तोच दिवस बंद. पुढच्या चैत्रातही यात्रा भरल्या नाहीत.

२०२२ मध्ये, २ एप्रिलच्या पाडव्यापासून राज्यातील निर्बंध उठले. त्या दिवशी मी नारायणगावला गेले. वडील जिथे बावीस वर्षांत बहुतेक दर पाडव्याला जात, तिथे मी वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच पाऊल ठेवले. एका राहुटीच्या मागच्या बाजूला साठीच्या एक बाई शालूंच्या घड्या घालीत बसल्या होत्या. पूर्वी त्या बोर्डावर नाचत. आता कपडेपट सांभाळतात. मी शेजारी टेकले आणि सहज म्हटले, “मावशी, दोन वर्षं कशी काढलीत?”

त्या हसल्या. “मावशी नका म्हनू बाई. आमच्यात मावशी म्हंजी बाप्या आस्तो.”

गौळणीतील मावशीचे सोंग पुरुष घेतो, हे मी पुस्तकात वाचलेले होते. मलाही हसू आले. मग त्या सांगू लागल्या. पहिल्या वर्षी भांडी विकली, दुसऱ्या वर्षी टोमॅटोच्या शेतात खुरपायला गेल्या. उचल फिटली नव्हती, ती अजून अंगावर आहे. “पर आज सकाळी पयली सुपारी झाली आन् मालकानं नारळ फोडला, तवा सारी रडली बगा. बाप्येबी.”

का कोण जाणे, मी त्यांना माझ्या पत्राची गोष्ट सांगितली. भिंतीची सांगितली, हंड्याची मात्र सांगवली नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“कंची तीथ तुमची?”

“वद्य अष्टमी.”

“आष्टमीला फड रिकामा ऱ्हातोय व्हय? आमी त्या राती कुटं ना कुटं नाचलोच आसू,” त्या घडी घालीत म्हणाल्या. “सुनं ऱ्हायलं आसंल ते तुमचं गाव.”

मी तीस वर्षांत जे ताडून पाहिले नव्हते, ते त्यांनी घडी पुरी होण्याआधी सांगून टाकले. मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात. आपल्याही गावात, वाडीत एखादे दशावतारी नाटक, एखादे भारूड, एखादी भजनी मंडळी असेल. तिच्यासाठी वर्गणी मागायला कोणी आले, तर पावती फाडण्याआधी किंवा नाकारण्याआधी एवढे जरूर पाहावे, की त्या रात्रीच्या आधी आणि नंतर कोणाकोणाच्या घरी काय काय हलते. ही माहिती आपल्याला ग्रंथालयात क्वचित मिळेल. ती शिंप्याच्या, वाण्याच्या आणि आचाऱ्याच्या टिपणांत असते.

गेल्या चैत्रात यात्रा समितीच्या एका तरुणाचा फोन आला. वहीचे काम आता त्याच्याकडे आहे. तो ते भ्रमणध्वनीवर करतो.

“आत्या, तुमची वर्गणी कशात धरू? अन्नदानात का देवळाच्या रंगात?”

“सुपारीत धर,” मी म्हटले.

तो जरासा थांबला. “चालंल. नाव तुमचंच टाकू ना?”

मी त्याला आईचे नाव सांगितले. त्याने ते दोनदा विचारून घेतले आणि जमेच्या बाजूला लिहिले.